न उचलायची रिंग

गरम इस्त्री कुठे ठेवू नये याची कुणी यादी केली, तर त्यात दुसऱ्याचा फोन बराच वर येईल, हे मला मान्य आहे. पण मी ती ठेवली ती मदत म्हणून.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मावशींचं इस्त्रीचं टेबल आहे. मी शर्टांचं गाठोडं घेऊन खाली गेलो तेव्हा मावशी पाठमोऱ्या वाकून शिंपडायच्या बाटलीत पाणी भरत होत्या आणि इस्त्री टेबलाच्या कडेला उभी होती. मला वाटलं, आता पडते. म्हणून मी ती अलगद उचलली आणि आतल्या बाजूला, एका काळ्या चौकोनी तुकड्यावर ठेवली. इस्त्री टेकवायला टेबलावर काळा पत्रा असतो, हे मला माहीत होतं. तो डाव्या हाताला असतो, हे नव्हतं. उजव्या हाताला मावशींचा फोन होता.

आधी वास आला. मग मावशी वळल्या. दोन्हींत वास बरा होता.

त्यांनी इस्त्री उचलली, पत्र्यावर ठेवली, फडक्यात धरून फोन सोडवला आणि उजेडात नेला. पाच, आठ आणि शून्य ही बटणं वितळून एकमेकांच्या गळ्यात पडली होती. काचेवर काळा फुगा आला होता.

"कुणी सांगितलं होतं?" मावशींनी विचारलं.

"काय?"

"हात लावायला."

"मला वाटलं, पडेल."

"इतकी वर्षं नाही पडली. आज तुमचं तोंड बघून पडणार होती?"

गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हणालो, "मावशी, काळजी करू नका. नवा फोन घेऊन देतो. याहून चांगला."

"चांगला मागितलाय कुणी?" मावशी म्हणाल्या.

मावशींना इमारतीत पाठीमागे 'कडक' म्हणतात. समोर म्हणायची कुणाची टाप नाही. त्या कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. गाठोड्यांवर मजल्यांचे आकडे असतात, तेच माणसांनाही. मी 'दुसरा मजला'. माझी बायको 'दुसऱ्या मजल्याची'. चौथ्या मजल्यावरच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना सबंध कचेरी उभी राहून नमस्कार करायची म्हणतात. मावशी त्यांना "अहो चौथा, पँटच्या खिशात दातकोरणी ठेवू नका, दहादा सांगितलं," असं भर जिन्यात सांगतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या की घडी जरा वाकडी वाटते. तेव्हापासून त्यांच्या सगळ्या कपड्यांची घडी बरोबर बोटभर वाकडी येते. एकदाही चुकून सरळ आलेली नाही. वैर जपायलाही माणसाच्या हातात सफाई लागते.

तरी सगळे कपडे मावशींकडेच देतात. कारण मावशींनी इस्त्री केलेला शर्ट घातला की माणूस आपोआप ताठ चालतो. वाकला तर शर्टच आक्षेप घेईल असं वाटतं.

आणि मावशींचा गजर. रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, त्यांचा फोन एक-दोनदा वाजायचा आणि आपला आपण थांबायचा. मावशी तिकडे बघायच्याही नाहीत. हातातला कपडा पुरा करायच्या, इस्त्रीची पिन काढायच्या, वायर गुंडाळायच्या. तो आवाज ऐकून वरच्या मजल्यांवर लोक कुकर लावायचे. कचरा खाली ठेवायची वेळ झाली हे पहिल्या मजल्याला त्यावरूनच कळायचं. मीही एकदा कौतुकाने म्हणालो होतो, "मावशी, गजर बाकी छान लावलाय." तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं होतं की मी पुढचे दोन आठवडे शर्ट बायकोच्या हाती पाठवले.

म्हणून आता, जळका फोन समोर असताना, मी आपला त्यातल्या त्यात उपाय सुचवला. "तोवर संध्याकाळच्या गजराला माझं टेबलावरचं घड्याळ आणून देतो."

"गजर नाही तो," मावशी म्हणाल्या. "माझी पोरगी आहे."

मग जे कळलं ते मावशींनी मला सांगितलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी ते माझ्या अंगावर फेकलं, अधूनमधून, दोन चादरींच्या मध्ये.

मुलगी दूरच्या शहरात असते. एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस जातो पोचायला. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासते. गेल्या वर्षी मावशींची साखर वाढली आणि त्या याच टेबलापाशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा ती धावत आली. म्हणाली, आता हे बंद कर आणि माझ्याकडे चल. मावशी म्हणाल्या, तुझ्याकडे कोपऱ्यात बसून तुझ्या नवऱ्याचं तोंड बघत राहू का? मुलगी म्हणाली, मग बस या टेबलालाच चिकटून, मी पुन्हा बोलणार नाही. मावशी म्हणाल्या, नकोच बोलूस.

आणि दोघी खरोखरच बोलल्या नाहीत. मात्र मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला, आणि मावशी उचलणार की नाही ते ठरवेपर्यंत बंद झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तेव्हापासून रोज. रिंग गेली म्हणजे फोन चालू आहे. फोन चालू आहे म्हणजे कुणीतरी तो चार्ज केलाय. म्हणजे आई उभी आहे. तिकडे मुलीला एवढं कळत होतं, आणि इकडे आईला कळत होतं की मुलीला कळून घ्यायचंय. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं, त्यामुळे कुणीच हरत नव्हतं.

"मग माझ्या फोनवरून एकदा सांगून टाका ना तिला," मी म्हणालो, "की फोन बिघडलाय म्हणून."

"मी? मी आधी बोलू?"

"मी बोलतो मग. नंबर द्या."

मावशींनी जळका फोन माझ्यापुढे आपटला. "यात आहे. काढा."

बॅटरीखालचं सिमकार्ड शाबूत होतं, म्हणजे मावशींचा स्वतःचा नंबर वाचला होता. पण मुलीचा नंबर त्या वितळलेल्या डब्यात होता. मावशींनी तो पाठ केला नव्हता. कधी लावलाच नव्हता तर पाठ कशाला होईल?

त्या संध्याकाळी गजर झाला नाही. पहिल्या मजल्याचा कचरा आतच राहिला. मी कचेरीतून येणाऱ्या लोकांबरोबर मुद्दाम मिसळून जिना चढायला बघत होतो, म्हणजे दिसणार नाही. मावशी अजून उभ्याच होत्या आणि आधीच इस्त्री झालेला एक टेबलक्लॉथ पुन्हा इस्त्री करत होत्या. वॉचमन काहीतरी बोलायला आला आणि त्यांना बघून अर्ध्या वाटेतूनच वळला.

"दुसरा मजला," मागून आवाज आला. "आज तिला 'बंद आहे' ऐकू आलं असेल. एक दिवस धीर धरेल ती. उद्या पुन्हा बंद लागला तर निघेल तिकडून. पुन्हा अशी सुट्टी घेतलीस तर परत येऊ नकोस, असं गेल्या वर्षी इकडे आली तेव्हाच सांगितलंय तिला मालकाने. उद्या संध्याकाळपर्यंत फोन सुरू पाहिजे. नाहीतर तुम्हाला इस्त्री करीन."

मी मागे वळून हसलो. मावशी हसत नव्हत्या.

घरात पाऊल टाकताच बायको म्हणाली, "काय जाळून आलात म्हणे?" बातमी माझ्याआधी दोन जिने चढून आली होती. मी जरा रुसलोच, आणि त्या रुसव्यात उभ्या उभ्या बाहेर पडून चौकातल्या दुकानातून मावशींसाठी फोन घेऊन आलो. स्वस्तातलाच, पण टचचा. मागच्या वर्षी स्वतःचा फोन घेताना मी इतकं वाचलं होतं की कॅमेरा, बॅटरी, मेमरी यांवर कुणीही अडवावं आणि मी बोलावं. दुकानात कुणी अडवलं नाही, तरी मी बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा तो मावशींपुढे ठेवला. त्यात सिमकार्डही घालून दिलं.

मावशींनी तो उलटा केला, सुलटा केला. "बटणं कुठायत?"

"बटणंच नाहीत, मावशी. नुसतं बोट लावायचं."

मावशींनी बोट लावलं. काहीच झालं नाही. जोरात लावलं. मग अंगठा. मग दाराची बेल दाबतात तसं, खांद्यातून जोर काढून. पडदा ढिम्म.

झालं होतं काय, की मावशी इस्त्री तापली का हे बोट ओलं करून, चर्र करून बघतात. इतकी वर्षं तसं बघून त्यांच्या बोटांची कातडी चपलेच्या टाचेसारखी झाली आहे. फोनला ते बोट बोट वाटत नव्हतं. मी "थांबा, दाखवतो" म्हणून पुढे वाकलो, तर माझ्या सदऱ्याची बाही पडद्याला घासली आणि फोनमध्ये एकदम तीन-चार गोष्टी उघडल्या.

"तुमच्या बाहीला ओळखतो," मावशी म्हणाल्या, "आणि मला नाही."

"सवय होईल."

"त्याला की मला?"

त्यांनी सिमकार्ड काढून घेतलं, फोन खोक्यात घातला आणि खोकं माझ्या गाठोड्याच्या वर ठेवलं. मग टेबलाखाली पाय घालून चपला शोधल्या. "चला. पैसे तुम्ही द्यायचे, फोन मी घ्यायचा. तोंड उघडायचं नाही."

चौकातला फोनवाला मला बघून खूश झाला आणि मावशींना बघून सावध. त्याच्या घरचेही कपडे मावशींकडेच असतात.

"साधा पाहिजे," मावशी म्हणाल्या. "बटणांचा. दिवसभर वाफेत राहील असा."

"मावशी, हल्ली बटणांचे कुणी—"

"माझ्यासमोर खोटं बोलू नकोस. तुझ्या पँटचे खिसे मी रोज उलटे करते."

फोनवाल्याने खालचा खण उघडला. पाचेक बटणांचे फोन निघाले. पुढचा अर्धा तास मावशींनी त्या फोनांशी जे वर्तन केलं ते मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेलं नाही. पहिला त्यांनी टेबलाच्या उंचीवरून फरशीवर सोडला. फोनवाला "अहो अहो" म्हणाला तोवर दुसराही सोडला. पहिल्याचं झाकण उडालं, तो बाद. दुसरा टिकला, पण त्याची रिंग गोड निघाली.

"बासरी आहे, मावशी."

"मला कपड्याच्या ढिगाखालून ऐकू यायला पाहिजे. हे लाडात आलंय."

तिसरा सगळ्यात चांगला होता, हे मलाही दिसत होतं. मोठी बटणं, मोठा आवाज, टॉर्च. मावशींनी तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे हाच आहे."

"म्हणून काय झालं?" मी न राहवून बोललो.

"तोंड," मावशी म्हणाल्या.

चौथा बोलका निघाला. फोन आला की तो कुणाचा आहे हे मोठ्याने सांगायचा. फोनवाल्याने हौसेने लावून दाखवलं. आतून एक बाई सबंध दुकानाला ऐकू जाईल असा एकेक आकडा म्हणायला लागली. मावशींनी तो असा बाजूला सारला की काउंटरच्या टोकावर जाऊन थांबला. "घरातल्या गोष्टी जिन्यात सांगणारं माणूस मला नको. एक दुसऱ्या मजल्यावर आहेच."

उरला पाचवा. राखाडी, जाड, साबणाच्या वडीएवढा. बटणांवरचे आकडे बोटाच्या पेराएवढे. फरशीवर पडला तेव्हा फरशीलाच काही झालं नाही ना, हे फोनवाल्याने वाकून बघितलं. त्याची रिंग म्हणजे शुद्ध कटकट होती. मावशींनी दोनदा वाजवून ऐकली.

"हा," त्या म्हणाल्या.

"यात अजून एक सोय आहे," फोनवाला मला म्हणाला, कारण मावशींना सांगायची त्याची हिंमत नव्हती. "कुठलंही बटण दाबलं की फोन उचलला जातो. म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं."

"म्हातारं कोण?" मावशी म्हणाल्या.

या गडबडीत ती सोय चालू आहे की बंद, हे विचारायचं राहून गेलं.

परत आलो. मावशींना तुंबलेला ढीग दिसत होता, त्यांनी पिन लावली आणि कामाला लागल्या. सिमकार्ड घालणं, भाषा लावणं, वेळ लावणं माझ्याकडे आलं. हे काम जरा वेळ खाणारं आहे आणि मी ते जरा जास्तच वेळ खाऊन करत होतो. काहीतरी दुरुस्त झालंय असं मावशींना दिसावं एवढीच माझी इच्छा होती. दिवे लागायची वेळ आली. मावशी इस्त्री फिरवत होत्या, पण एकाच बाहीवर.

फोन वाजला.

अनोळखी नंबर दिसत होता, कारण आता मावशींच्या फोनला त्यांची मुलगीही अनोळखी होती. मावशींनी मान वर केली नाही. फक्त त्यांचे खांदे कालपासून वर अडकले होते ते खाली आले. ती रिंग अशी काही कर्कश होती की वरून कुणीतरी दार उघडून बघितलं. मला वाटलं, जरा आवाज कमी करावा. मी बाजूचं एक बटण दाबलं.

रिंग थांबली. फोनच्या आत कुणीतरी श्वास घेतला.

एकदा फोन लागला की माणसाच्या तोंडातून हॅलो निघतंच. ते थांबवता येत नाही. मी म्हणालो, "हॅलो."

"कोण बोलतंय?" आतून बाईचा आवाज आला. "आई कुठेय?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन्ही हातांनी इस्त्री धरली.

"आहेत, इथेच आहेत," मी घाईघाईने म्हणालो. "उभ्या आहेत. इस्त्री करताहेत. मी दुसरा मजला बोलतोय. काल फोन बंद होता तो माझ्यामुळे, म्हणजे माझ्या हातून जळला."

"मी बॅग भरलीय. बरी आहे ना ती? खरं सांगा."

मी फोन छातीशी धरून विचारलं, "बरी आहे का म्हणून विचारताहेत."

"सांगा, मेले नाही अजून."

"एकदम ठणठणीत आहेत," मी फोनमध्ये म्हणालो.

"गोळ्या घेते का?"

"गोळ्या घेता का?"

"तिला म्हणावं, स्वतःच्या संसाराकडे बघ."

"घेतात, वेळेवर," मी म्हणालो. "तुमच्या घरच्यांचीही चौकशी करताहेत."

मावशींची इस्त्री थांबली. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला आता आत्मविश्वास आला होता. माझ्यासारख्याने मध्ये पडावं म्हणूनच ही भांडणं इतके दिवस टिकून होती, असं मला वाटायला लागलं होतं.

"मी येऊ का म्हणून विचारा," मुलगी म्हणाली. आवाज जरा ओला होता.

"येऊ का म्हणताहेत."

"काही गरज नाही," मावशी म्हणाल्या. "नोकरी घालवून इथे माझ्या उरावर बसायला नको. तिकडेच राहा म्हणावं."

एवढं लांबलचक आणि एवढं कडू माझ्याच्याने पुढे पाठवणं होईना. मी मान जरा वळवून, हळूच म्हणालो, "त्या म्हणताहेत, तुझी फार आठवण येते."

मावशींनी इस्त्री उभी केली. पत्र्यावर, डाव्या हाताला, नीट. टेबलाला वळसा घातला आणि फोन माझ्या हातातून उपटला.

"ए," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "मी असलं काही म्हटलेलं नाही."

पलीकडून जे आलं ते मला दोन हातांवरून स्वच्छ ऐकू आलं. "ठाऊक आहे मला. तू असलं म्हणशील होय?"

"मग कशाला ऐकून घेत होतीस?"

"काल फोन का बंद ठेवलास? रात्रभर जागी होते मी."

"मी ठेवला? हा बाबा इथे इस्त्री घेऊन फिरतोय—"

"मग दुसऱ्याच्या फोनवरून करता येत नव्हता?"

"तुझा नंबर काय मी गोंदवून घेतलाय?"

"आईला लेकीचा नंबर पाठ नाही."

"लेकीने एका रिंगेच्या वर कधी वाजवला असता तर झाला असता पाठ."

आणि मग ते सुटलं. वर्षभर साठवलेलं भांडण होतं, चांगलं मुरलेलं. कोपऱ्यात बसण्यापासून सुरू झालं, जावयाच्या घोरण्यावर गेलं, तिथून साखरेवर, साखरेवरून मागे फार मागे कुठल्याशा निळ्या फ्रॉकवर, जो मुलीच्या मते मुद्दाम दुसऱ्या कुणाला दिला होता. मावशी एक हात कमरेवर, एका हातात फोन, अशा जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून भांडत होत्या. वरच्या मजल्यांवर दारं उघडली. चौथा मजला जिन्यात येऊन उभा राहिला. पहिल्या मजल्याने कचरा बाहेर आणला आणि तो हातात धरूनच ऐकत बसला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून वाकल्या, तेव्हा मावशींनी भांडण न थांबवता त्यांच्याकडे एक बोट केलं आणि त्या आत गेल्या.

बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, "बॅग रिकामी कर. आणि उद्या जेवून मग फोन कर, उपाशीपोटी किंचाळतेस." मग त्यांनी ते लाल बटण अंगठ्याने दाबलं. साबणाच्या वडीने त्यांचा अंगठा पहिल्याच झटक्यात ओळखला.

मावशींनी पिन काढली, वायर गुंडाळली, माझे शर्ट माझ्या हातात दिले. फोन पदराने पुसून टेबलावरच्या एका रिकाम्या डब्यात ठेवला आणि डबा माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर सरकवला. त्यांचा आवाज बसला होता. चेहरा नेहमीसारखाच होता. माझ्याकडे बघताना तो आणखी थोडा नेहमीसारखा झाला.

खरं तर मी तेव्हाच जिना चढायला हवा होता.

"मावशी," मी म्हणालो, "सगळं ठीक झालं. पण मनात एक राहिलं. शेवटी आधी बोललं कोण? म्हणजे हरलं कोण, तुम्ही की ती?"

मावशींनी दिवा घालवला.

"तुम्ही."